बांगड्याला चालेल अशी वाइन

३ नोव्हेंबर

नणंदबाई,

पत्राची सुरुवात कशी करावी ह्यातच माझी सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू नाक मुरडलं असतंस, आणि नमस्कार लिहावा तर तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. म्हणून सरळ नातंच लिहून टाकलं. आपण सहा वर्षं बोललो नाही म्हणून ते काही कोणी रद्द केलेलं नाही.

फोन केला असता तर तू उचलला नसतास. पत्र मात्र समोर आलं की तू वाचल्याशिवाय राहायची नाहीस, तेवढी तुला ओळखते. तुमच्या द्राक्षमळ्याची गाडी चालवणारा सावकाश अजून धक्क्यावरच्या दुकानात बाटल्या उतरवतो आणि रिकामे क्रेट घेऊन वर जातो. बाटल्या हलू नयेत म्हणून तो तिसाच्या वर गाडी नेत नाही, म्हणून तुझ्या दादाने त्याला हे नाव ठेवलं होतं, आता त्याचं खरं नाव त्यालाही आठवत नसेल. त्याच्याच हाती हे पाठवते.

तर कामाचं. माझ्या खानावळीला वाइन वाढायचा परवाना मिळाला. एक फेब्रुवारीपासून वाढायची. टेबलं तीच दहा आहेत, खुर्च्या तेवढ्या बदलल्या. गिऱ्हाइकं दोन वर्षं मागे लागली होती, आणि पलीकडच्या गल्लीत नवीन खानावळ झाल्यापासून तर अर्धी तिकडेच वळायला लागलीत, कारण तिकडे ग्लास मिळतो. हा हंगाम नीट गेला नाही तर मला दार लावावं लागेल, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

मला मासा कळतो. कल्ला उघडून पाहिला की कधीचा आहे ते सांगेन. वाइनमधलं मला एवढंच कळतं की तुझा दादा करायचा ती मला आवडायची. म्हणून तुला विचारते. माझ्याकडे पाच पदार्थ असतात: लसूण घालून स्वतःच्याच पाण्यात उकडलेल्या शिंपल्या, तळलेली माकुळं, तव्यावरची कोळंबी, लोण्यात शिजवलेला पांढऱ्या मांसाचा मोठा मासा, आणि निखाऱ्यावरचा बांगडा. दहातली सात ताटं बांगड्याची जातात. कशाबरोबर काय द्यायचं ते सांग आणि तशा बाटल्या पाठव.

तुझी वहिनी

——

१२ नोव्हेंबर

वहिनींना,

तुमचं पत्र मिळालं. परवान्याबद्दल अभिनंदन.

सोबत तीन क्रेट पाठवते आहे. हिरव्या बुचाची वाइन शिंपल्यांबरोबर द्या. ती चांगली आंबट आहे, शिंपल्यांच्या खारट पाण्याला तेवढं आंबट लागतंच. कोळंबी आणि माकुळं ह्यांनाही तीच चालेल, पण तळणीचं तेल जुनं असेल तर कुठलीच चालणार नाही. पिवळ्या कागदाची लाकडी पिंपात ठेवलेली आहे, ती लोण्यातल्या माशाला. तीत थोडा जडपणा आहे, लोण्यासमोर ती दबत नाही. तिसऱ्या क्रेटमध्ये साधी पांढरी आहे, ज्यांना काही कळत नाही पण ग्लास हवा असतो त्यांच्यासाठी.

सगळ्या थंड द्या, पण बर्फात गाडून ठेवू नका. जीभ बधिर झाली की माणूस पाणीही चांगलं म्हणतो. आणि हिरव्या बुचाची असेल तेव्हा ताटातलं लिंबू काढून घ्या. लिंबाचं काम ग्लासातच झालेलं असतं.

राहिला बांगडा. बांगड्याच्या तेलासमोर आमचं काहीच टिकत नाही. पिवळी बेचव लागते, हिरवी जेमतेम. खरं सांगायचं तर लोकांना बांगड्याबरोबर थंड पाणी द्या.

चौथ्या खोक्यात दादाच्या तुकड्यातल्या तांबडीची एक बाटली आहे. ती तुमच्या घरची म्हणून पाठवली, विकायला नाही. माशाबरोबर देऊ नका.

जाता जाता कानावर घालते. दादाचा तो खालचा तुकडा, वेलींच्या त्या वीस ओळी, मी उपटून टाकते आहे. फेब्रुवारीत मशीन येईल. त्याची तांबडी कोणी घेत नाही, सहा वर्षं मी प्रयत्न केला. तिथे पांढरी लावणार. तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून लिहिलं.

तुमच्या नवऱ्याची बहीण

——

२५ नोव्हेंबर

नणंदबाई,

मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस? माझ्या लग्नात माझ्या ताटातली भजी उचलून 'वहिनी, तू खात नाहीस ना' म्हणणारी तूच ना? असो. अहोजाहो करूनही सल्ला चोख दिलास.

आम्ही चव घ्यायला बसलो, मी आणि मावशी. मावशी म्हणजे माझ्याकडे मासे साफ करायला असतात त्या, चौसष्ट वर्षांच्या, आणि त्यांच्या आवडीनिवडीची कसोटी एकच: आवडलं तर गिळतात, नाही तर मोरीत थुंकतात. शिंपल्या आणि हिरव्या बुचाची वाइन समोर येताच त्यांनी सगळा वाडगा संपवला आणि रस्सा पावाने पुसून खाल्ला. लोण्यातल्या माशाबरोबर पिवळ्या कागदाची प्याल्या आणि म्हणाल्या, 'श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.' हे मी फळ्यावर तसंच्या तसं लिहिणार आहे. लिंबाचं मात्र जमत नाही. ताटातून लिंबू काढलं तर गिऱ्हाईक असं बघतं, जणू मी त्याचा चमचाच चोरला.

आता बांगडा. तुझा शब्द मोडून मी दादाची तांबडी उघडली आणि बांगड्याबरोबर घेतली. गंजका खिळा चोखल्यासारखं झालं. मावशी मोरीकडे धावल्या. मासा ताजा होता, सकाळचाच. नुसता मासा छान, नुसती वाइन जड पण बरी, आणि दोन्ही एकत्र आले की तोंडात लोखंड.

पण ऐक. शेवटच्या वर्षांत तुझ्या दादाच्या वाइनने बांगड्याबरोबर असं कधीच केलं नाही. आम्ही दोघं तीच प्यायचो, तीही तांबडी, तीही बांगड्याबरोबर, आणि तीही बर्फाजवळ थंड केलेली. मी दहा वर्षं जेवलेली चव विसरेन का? ही त्या तुकड्यातली आहे हे खरं, पण ही त्याची वाइन नाही. हिच्यात काहीतरी वेगळं घातलंय किंवा वेगळं केलंय. काय ते सांग, आणि तोवर त्या ओळींना हात लावू नकोस, माझी तुला विनंती आहे.

तुझी वहिनी

——

६ डिसेंबर

वहिनींना,

मी काही घातलेलं नाही. आमच्या घरात बाटलीत द्राक्षांशिवाय काही जात नाही, हे तुम्ही विसरलात असं दिसतं.

वेगळं काय केलं ते मात्र सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. रस सालीसकट जितके दिवस ठेवाल तितकी ती भरदार होते. बाबा बारा दिवस ठेवायचे. दादाने सुरुवातीला आठ दिवस ठेवली, मग सात, मग पाच, दर वर्षी कमी कमी. शेवटी दोन दिवसांत साल बाजूला काढायला लागला, आणि शेवटच्या वर्षी तर दीडच दिवसात. साल काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन गाडीत टाकून खाली धक्क्यावर, तुमच्याकडे. सगळं घर हसायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्याची घाई वाढतेच आहे म्हणायचे. बाबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, ह्याची वाइन पाणचट होते कारण ह्याचं लक्ष बायकोत असतं.

तो गेल्यावर मी ठरवलं की आता त्याच्या तुकड्याला पाणचट कोणी म्हणायचं नाही. जो वेळ त्याने दिला नाही तो मी देईन. सहा वर्षं मी त्या तांबडीला बारा दिवस दिले, दिवसातून तीनदा स्वतःच्या हाताने साल खाली दाबली. माझ्या भावासाठी मला तेवढंच करता येत होतं. तुम्ही म्हणता ही त्याची वाइन नाही. मग कोणाची आहे?

आणि विषय काढलाच आहे तर लिहूनच टाकते. त्या दिवशी तुमचा फोन आला, मी शेजारीच उभी होते. फोन ठेवला आणि तो निघाला. चेहरा घामेजला होता, मी म्हटलं आज नको जाऊस. तो गेला. वळणाच्या पुढे गाडी भिंतीला टेकलेली सापडली आणि त्याचं हृदय आधीच थांबलं होतं. तुम्ही त्या दिवशी बोलावलं नसतं तर तो माझ्यासमोर असता, आणि दवाखाना मळ्यापासून दहा मिनिटांवर आहे. हे मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले, त्याबद्दल मला वाईट वाटतं, पण चूक बोलले असं वाटत नाही.

तेव्हापासून त्या रस्त्याने मी खाली उतरलेले नाही.

मशीन ठरलंय ते येईल.

——

१८ डिसेंबर

नणंदबाई,

तुझं पत्र वाचल्यापासून चार दिवस मी प्रत्येक ताटात दोनदा मीठ घालत होते. मावशींनी शेवटी विचारलं, मासा बिघडला की माणूस? म्हटलं, दोन्ही नाही, एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

तो माझ्यासाठी धावत नव्हता गं. आवडलं असतं मला तसं म्हणायला. तो बांगड्यासाठी धावत होता.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात त्याने मोठ्या ऐटीत आपली तांबडी आणली आणि मी बांगडा भाजला. आम्हा दोघांच्या तोंडात तेच लोखंड झालं. तो असा चक्रावला की रात्रभर झोपला नाही. मग म्हणाला, हा तुरटपणाच माशाच्या तेलाशी भांडतो, साल लवकर काढली पाहिजे. पुढच्या वर्षी सात दिवस. मग पाच. साल काढली की दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन यायचा, गढूळ, गोड, अजून फसफसणारा रस. म्हणायचा, गोडवा पुढे जाईल, पण तुरटपणा राहील, म्हणून तेवढाच बघायचा. मी बांगडा भाजायचे. एक घास, एक घोट. तोंड वाकडं झालं की म्हणायचा, अजून लवकर काढायला हवी होती. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे त्याने पेन्सिलीने दर वर्षीचे दिवस लिहून ठेवलेत. मी ते दार रंगवू दिलेलं नाही. बघून जसंच्या तसं उतरवते: ८, ७, ५, ५, ४, ४, ३, ३, २, २. शेवटच्या वर्षीचा आकडा नाही, कारण तो इथपर्यंत पोचलाच नाही. तो दीड होता हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

मी म्हणायचे, घरी सांग ना. तो म्हणायचा, बाबांना काय सांगू, की तुमची बारा दिवसांची वाइन मी बांगड्यासाठी दोन दिवसांवर आणली? एकदा पक्की जमू दे, मग सगळ्यांना खाली बोलावतो, तुला आधी. 'तुला' म्हणजे तुला, नणंदबाई. तुझ्या जिभेवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

आणि तो फोन. मी त्याला बोलावलं नव्हतं. समुद्र खवळला होता, दोन दिवस बोटी बाहेर गेल्या नव्हत्या, धक्क्यावर एक बांगडा नव्हता. मी फोन करून सांगितलं, 'आज मासा नाही, उद्या ये.' तो म्हणाला, असेल तो मासा चालेल, उद्यापर्यंत रस बदलेल. आणि निघाला. तू जेव्हा सगळ्यांसमोर बोललीस तेव्हा मी हे सांगू शकले असते. सांगितलं असतं तर तुझा राग त्याच्यावर गेला असता, आणि तो तर समोर आडवा होता. मला वाटलं, हिला कोणावर तरी रागवायला हवंच आहे, तर माझ्यावर रागवू दे. तेव्हा ते बरोबर वाटलं. सहा वर्षं तसंच चालू ठेवलं, ते माझं चुकलं. तुझा भाऊही गेला आणि वहिनीही.

माझ्याकडे त्याच्या चार बाटल्या उरल्यात, सगळ्या शेवटच्या दोन आकड्यांतल्या. बर्फाच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवल्यात. त्यातली एक पाठवते, आणि बर्फात घालून तीन बांगडे, आज पहाटेचे. सावकाशला बजावून सांगितलंय की बाटली जुनी आहे, जराही हलवायची नाही, मांडीवर घेऊन जा. उद्या निघेल म्हणाला. तू निखारे कर, मासा भाज, एक घास खा आणि मग एक घोट घे. त्यानंतर मशीनचं काय ते तू ठरव. मी पुन्हा त्याबद्दल लिहिणार नाही.

तुझी वहिनी

——

८ जानेवारी

नणंदबाई,

दोन वेळा गाडी आली, क्रेट आले, बाटल्या मोजून बरोबर आल्या, चिठ्ठी एकदाही नाही. सावकाशला विचारलं तर तो टोपी काढून डोकं खाजवतो आणि म्हणतो, 'मला काही विचारू नका, वहिनी.' तो काहीतरी गिळून बसलाय.

तुझा राग असेल तर असू दे, पण तू बरी आहेस एवढं एका ओळीत कळव. कोरा कागद पाठवलास तरी चालेल, घडी तुझी आहे हे मला ओळखू येईल.

तुझी वहिनी

——

१५ जानेवारी

वहिनी,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं, कसंही झालं तरी पाठवणार.

तुला सहा डिसेंबरला पत्र लिहिलं त्याच दुपारी मी मशीनवाल्याला फोन केला आणि म्हटलं फेब्रुवारी कशाला, जमेल तितक्या लवकर या. तू त्या वाइनला त्याची नाही म्हणालीस, ते मला इतकं लागलं होतं. तो एकोणीसला आला. सकाळी आठला सुरू झालं. मी बघायला गेले नाही, पिंपांच्या खोलीत दार लावून बसले, पण आवाज येतच होता. मुळं तुटतात तेव्हा कापड फाटल्यासारखं ऐकू येतं.

सावकाश दुपारी चारला पोचला. एरवी तो अकराला येतो. तू सांगितलंस म्हणून बिचारा जुनी बाटली मांडीवर घेऊन, एका हाताने गाडी चालवत, विसाने आला. त्याने मशीन पाहिलं, अकरा ओळी आडव्या पडलेल्या पाहिल्या, आणि बाटली माझ्या हातात दिली. आधी मी त्याच्यावर ओरडले, उशीर का केलास म्हणून. नंतर कशाला ओरडले ते मलाच कळेना. त्याला ह्याचं फार लागलंय, आता तू त्याला काही विचारू नकोस.

मी तुझं पत्र तिथेच बांधावर उभ्याने वाचलं. मग मशीनवाल्याला म्हटलं, आजच्यापुरतं थांबा.

छाटणीच्या वाळक्या काड्या ढिगाने पडल्या होत्या. त्या पेटवल्या, निखारे केले, तुझे बांगडे ठेवले. मला भाजता येत नाही हे तुला ठाऊक आहे. एक बाजू काळी झाली, दुसरी कच्ची, एकाची शेपटीच निखाऱ्यात गेली. बाटली उघडली. रंग विटका झाला होता, कडेला विटेसारखा. आधी नुसतीच प्याले आणि मनात आलं, पाणचटच आहे, बाबा बरोबर म्हणायचे. मग घास खाल्ला आणि घोट घेतला.

वहिनी, तोंडात काही भांडण झालं नाही. माशाचं तेल होतं, धूर होता, आणि ती वाइन मधून अशी गेली की पुढचा घास पहिल्यासारखा लागला. मी वीस वर्षं लोकांना सांगत आले की माशाबरोबर पांढरीच. मी बाबांची मुलगी, दोन हातांवरून वास घेऊन द्राक्षाचं वय सांगणारी, आणि माझ्या भावाने माझ्या नाकाखाली दहा वर्षं हे केलं ते मला दिसलं नाही. मला वाटलं त्याला घाई आहे. आणि मग मी त्याच्या वाइनला बारा बारा दिवस देऊन, रोज तीनदा साल दाबून, त्याने केलेलं सगळं पुसून काढत बसले. मी खूप रडले. सावकाश बाजूला उभा राहून दुसरा बांगडा खात होता, तोही रडत होता, पण त्याने मासा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन परत पाठवलं. वीसपैकी नऊ ओळी उरल्यात. अकरा माझ्यामुळे गेल्या. हे तुला कसं सांगू, म्हणून चिठ्ठी नव्हती.

त्या फोनबद्दल मी तुझी माफी मागते. कागदावर ते फार लहान दिसतंय, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

तुझी नणंद

——

२३ जानेवारी

नणंदबाई,

शेवटी मला 'तू' म्हणालीस. बाकीचं पत्र मी नंतर वाचलं.

अकरा ओळींचं मलाही वाईट वाटलं, वाटलं नाही असं म्हणणार नाही. बाजूला जाऊन रडून आले आणि मग हिशेबी डोकं चालवलं: माझी टेबलं दहा आहेत. नऊ ओळी म्हणजे टेबलामागे जवळजवळ एक ओळ. दहाव्या टेबलावर मावशी बसतात, त्या पाणी पितील. मावशींना हे वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या दहावं टेबल आधी.

तू आणि मी दोघींनी त्याच्यासाठी म्हणून जे केलं त्यानेच सगळा घोटाळा झाला. तू बारा दिवस दिलेस, मी तोंड मिटून बसले. आणि वर मीच सावकाशला सांगितलं की बाटली हलवू नकोस. आता कोणी कोणाची माफी मागायची ह्याचा निकाल लागणार नाही, तेव्हा तो विषय मी बंद करते.

एक तारखेला तांबडीशिवायच सुरू करतेय. फळ्यावर बांगड्यासमोर लिहिलंय: 'ह्याची वाइन तयार होते आहे, वाट पाहावी.' काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, किती वाट पाहायची? म्हटलं, पुढच्या वसंतापर्यंत. तो म्हणाला, मग तेव्हा खिडकीजवळचं टेबल माझं. नाव लिहून घेतलंय. तोवर हिरव्या बुचावर दिवस काढू, शिंपल्यांबरोबर ग्लास मिळणार हे कळल्यावर पलीकडच्या गल्लीत गेलेले पाच जण परत आलेत.

एक विचारते, मला ह्यातलं कळत नाही. त्या छाटलेल्या काड्या सगळ्याच जाळल्यास का?

तुझी वहिनी

——

२ फेब्रुवारी

वहिनी,

सगळ्या जाळल्या नाहीत. तुझं पत्र यायच्या आधीच आडव्या पडलेल्या अकरा ओळींवरून मी हिरव्या गाभ्याच्या दोनशे काड्या कापून ओल्या वाळूत पुरून ठेवल्यात. तुला सांगितलं नाही कारण जगतील की नाही माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. जगल्या तर तीन-चार वर्षांनी फळ देतील, तोवर तुला तुझी टेबलं वाढवता यायची नाहीत.

फळा काल कसा वाटला लोकांना? आणि लिंबाचं काय ठरवलंस ते कळव. तू ते अजून देत असशील ह्याची मला खात्री आहे.

तुझी नणंद

——

२४ सप्टेंबर, सकाळी सात

वहिनी,

हे पत्र सावकाशच्या गाडीतून पुढे पाठवते आहे. मी दोन तासांनी मागून निघेन, म्हणजे तो विसाने गेला तरी पत्र माझ्याआधी तुझ्या हातात पडेल.

रविवारी नऊ ओळींच्या द्राक्षांची तोड झाली. मंगळवारी साल काढली. बाबा असते तर तोंड फिरवून बसले असते. कामावरच्या बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या, त्यांच्यातली एक म्हणाली, ताईंनाही खाली कोणी भेटलं वाटतं. म्हटलं, हो, एक बांगडा आहे. रस गढूळ आहे, गोड आहे, कॅनच्या झाकणाखाली फसफसतो आहे. तुरटपणा मला बरोबर वाटतो, पण मी गेल्या वर्षी बारा दिवसांचाही बरोबरच म्हणाले असते, तेव्हा माझ्या एकटीच्या जिभेवर हे सोडायचं नाही.

वाळूतल्या दोनशे काड्यांपैकी एकशे चाळीस फुटल्या. गुडघ्याएवढ्या झाल्यात. येताना एक कुंडीत घालून आणते आहे. खानावळीच्या दाराशी ऊन येत असेल तिथे ठेव, द्राक्षं येतील न येतील, सावली नक्की येईल.

त्या रस्त्याची मला भीती वाटते आहे, हे तुला सांगते कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. वळणाशी गाडी थांबवेन, थोडी उभी राहीन, आणि मग पुढे येईन. उशीर झाला तर काळजी करू नकोस.

दारामागे पेन्सिल ठेव. त्याचा शेवटचा आकडा लिहायचा राहिलाय, तो माझ्या हाताने लिहायचा आहे. आधी दीड. मग त्याखाली सहा ओळींची जागा सोडायची, ती माझी बारा-बारा दिवसांची वर्षं, ती कोरीच राहू देत. मग दोन.

निखारे करून ठेव. बोटी बाहेर गेल्यात की नाही मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. बांगडा नसला तर असेल तो मासा चालेल. पण फोन करून मला 'उद्या ये' म्हणू नकोस.

तुझी नणंद